साहेबांच्या गोल्फचे नऊ खड्डे

विसरवाडी, मंगळवार, जानेवारी १९३४

जंगलखात्याच्या साहेबांच्या गोल्फ मैदानाची आखणी माझी. उद्या सामने, आणि आज पाहतो तर पेल्याएवढ्या भोकांऐवजी नऊही ठिकाणी हातभर रुंद खड्डे! ते खणणारा मुकादम दगडू जन्मभर सागाची रोपंच लावत आलेला. म्हणाला, "इतला बारीक खड्डामा साग लागी का, भाऊसाहेब?"

आता नोकरी जाते, वाटलं. साहेब खड्ड्यांभोवती फिरले आणि हसत सुटले. म्हणाले, यांत नदीची वाळू भरा, भोकं चार पावलं पुढे पाडा; चेंडू वाळूत रुतला की खेळणाऱ्याची खरी परीक्षा. म्हणजे मैदानातली सर्वांत अवघड जागा दगडूची! नकाशावर मी तसं लिहिलंही : सागाचे खड्डे, नऊ.

वाळू भरून झाल्यावर दगडूने हळूच विचारलं, "पन पानी कव्हय टाकानं?"