निळा शर्ट

नागपूर, ७ सप्टेंबर १९८६

तीर्थरूप बाबास, शेषरावचा डोकं टेकवून नमस्कार.

वामनच्या जिवाचा धोका टळला. सकाळी चहा-बिस्किट खाल्लं. डावा डोळा मात्र डॉक्टरनं काढला. मायले एवढ्यात सांगू नका, त्याच्या बायकोले, कुसुमले, मी येऊन सांगीन. तिचे लेकरं नीट जेवून राहिले ना?

दोन मशीनींवर सुरू केलेला शर्टाचा कारखाना आमच्यापायी बंद ठेवू नका. वामन म्हणते, एका डोळ्यानंबी कटाई मीच करीन.

आमी भाऊ कधी तुटू नये, एकाचं काम दुसऱ्याबिगर चालू नये म्हणून तुमी कटाई नदीपल्याड सावरगावात त्याले देल्ली अन् शिलाई पांढुर्ण्यात मले. म्हणूनच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकाले दगड मारते त्या गोटमारीत तो त्या काठावर असते, मी ह्या काठावर. दरसाली फुटलेली डोकी बांधाले आपल्याच कात्रणाच्या पट्ट्या जातात. यंदा त्या मी त्याच्या तोंडावर दाबून धरल्या, तरी नागपूरले आणतानी जीपमधी माह्या मांडीवर रक्ताचं थारोळं झालं.

दगड कोनाचा, हे तुमी इचारलं होतं. गर्दीत दिसलं नाही, असं मी खोटं बोललो.

दोन घंट्यांपासून मार चालू होता. बाजूच्या गड्याचा जबडा फुटला, त्याचे दात माह्या पायाशी पडले. तेवढ्यात नदीत, दोन्ही गावं ज्याच्यासाठी भांडते त्या झेंड्याजवळ, निळा शर्ट दिसला. आपल्याच कारखान्याचा, कॉलर मी वामनसाठी शिवलेली. तो वामन हाय हे मले कळलं, बाबा. तरी मी नेम धरून दगड मारला.

दगड माहा, हे त्यालेबी माहीत हाय. नर्सनं पाणी देल्लं तर तोंड फिरवते, माह्या हातूनच पेते.

तुमचा,
शेषराव