पोटावरचं इंजेक्शन

संभाजीनगर, गुरुवार

आत्याबाई, चकलांब्याच्या घराला आणि तुम्हाला सुकन्याचा नमस्कार.

ह्यांना आज बरं वाटतंय, पेज पोटात राहिली. लिव्हर आधीच खराब, त्यात लिव्हरला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं नाही तर ती वाढेल; दिलं तर मागच्यासारखी रक्ताची उलटी होईल, ही भीती. म्हणून डॉक्टरांनी आधी, जिथून रक्त येतं त्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधल्या.

नाथाभावजींबरोबर तुम्ही धाडलेला काविळीचा पाला मी दिला नाही. ह्या औषधासोबत तो चालत नाही म्हणतात. रागावू नका.

इंजेक्शन घरीही घ्यायचं आहे, म्हणून नर्सनं आज मलाच द्यायला लावलं. हे म्हणाले, "मेंढराला सुई देताना मला शिकवायचीस, आन् आता तूच कावून थांबलीस? टोच की!"

टोचलं. बेंबीशेजारी रक्ताचा थेंब आला. कापूस दाबून धरला. मेंढ्या खतासाठी कुणाच्या रानात बसवल्यात, असं हे विचारत होते. तेवढं कळवा. 

थेंब थांबला, आत्याबाई. उद्या पुन्हा टोचायचं आहे.

तुमची,
सुकन्या