‘कळप’ नाव कुणाचं?

९ नोव्हें., रवि.
सकाळपासून डोकं फिरलंय. ‘कळप’ गेमचा दुसरा भाग जाहीर झाला. ज्या पुण्याच्या पोरांनी पहिला बनवला त्यांचं नावच न्हाई. नुसतं प्रकाशक कंपनीचं. दुपारी पोरांनी टाकलं, ‘आमचा नवा गेम येतोय, माळरान. जुनं नाव आम्हाला वापरता येत नाही.’ बस. काहून येत न्हाई, ते सांगितलंच न्हाई.

‘कळप’ खेळणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर नुसता कालवा. कुणी म्हणतं पोरांनी नाव विकलं, कुणी म्हणतं कंपनीनं हिसकावलं. मी हिसकावलंवाली.

१० नोव्हें., सोम.
शीतलचा फोन. ग्रुप आमी दोघींनीच कॉलेजात काढला. लग्न होऊन हट्ट्याला गेल्यापासून ती बोलते ती ग्रुपपुरतीच. म्हणे, “शेत विकल्यावर सातबाऱ्यावर आपलं नाव ऱ्हातं का?”
मी म्हणलं, “विकलं हे तुला कुणी सांगितलं?”
“आन हिसकावलं हे तुला?”
ठेवून दिला फोन. मग माझ्या झेरॉक्स सेंटरवर प्रिंट काढायला आलेल्या एका काकांवर उगीच खेकसले. त्यांचा काय दोष.

१२ नोव्हें., बुध.
सापडलं! जुन्या गेमच्या शेवटच्या अपडेटमधी, त्यातल्या गावाच्या वेशीवरची पाटी कोरी हाय. आधी तिच्यावर ‘कळप’ लिहिलेलं होतं. म्हंजे पोरांना तवाच माहीत होतं, नाव जाणार. जाता जाता स्वतःच्या हातानं पुसलं असंल. जुना फोटो आन नवा, दोन्ही शेजारी लावून टाकले. पुण्या-मुंबईचे लोक ‘सेनगावची ताई’ म्हणून पुढं धाडून राहिले.
शीतलचं उत्तर: “पाटी चुकून कोरी ऱ्हायली बी असंल.”
चुकून म्हणे!

१५ नोव्हें., शनि.
आज कंपनीचा मेसेज. ग्रुपला ‘कळप’ नाव नको, गेमचं चित्र बी काढून टाका, न्हाईतर कारवाई. मी वाचेपर्यंत शीतलनं नाव बदलून बी टाकलं. ‘मराठी खेळाडू’. मला न विचारता!

अप्पा मेंढरं कोंडून आले तवा मी रडत होते. रागानं. सांगितलं समदं. आधी हसले. मग म्हणले, “अगं, माह्या आज्यापासून आमी कळपच म्हणतो. ह्यांनी कवा इकत घेतला?” आन भाकरी न खाता बाहेर जाऊन बसले. त्यांनी गेम कधी पाहिला बी न्हाई.

शीतलला लिहिलं, ‘तू भित्री हायस.’ नाव पुन्हा ‘कळप’ केलं. तिनं पुन्हा बदललं. मी तिला अॅडमिनवरून काढलं.

१६ नोव्हें., रवि.
तिचा आवाजातला मेसेज. मागं कुकरची शिट्टी, सासूची हाक. “मला काढलंस ते काढलंस. कारवाई झाली तर माझ्या घरी कागद येईल, ग्रुपच्या माहितीत नंबर माझा दिलेला हाय. इथं मला गेम खेळते म्हणूनच टोचून बोलून राहिलेत. तुला अप्पा हायेत. मला इथं कोण हाय?”

तीनदा ऐकला. राग गेला न्हाई. कंपनीवर तर न्हाईच. पोरांवर बी आता येऊन राहिलाय, एक ओळ धड लिहिली असती तर आमी अशा एकमेकींच्या जिवावर उठलो असतो का?

नाव अजून ‘कळप’च हाय. बदलायचं का, कळंना.

उद्या सेंटर बंद ठेवते. सकाळच्या एसटीनं हट्ट्याला जाते. भांडायचं तर तोंडासमोर. तिच्या सासूनं दार उघडलं तर काय सांगू, मी तिची कोण म्हणून?