मोठी गाडी वळायला वेळ लागतो

२१ मे

ती. आक्का,
शि. सा. न. वि. वि.

निघायच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि गाडीत जाऊन सीटांच्या पाठीवर खडूने आकडे लिहिले, एक ते अकरा. बावीस वर्षं शाळेची गाडी चालवणाऱ्याला खरं तर त्याची गरज नव्हती. पण शाळेची मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, आपल्या घरातली ही अकरा पोरं समुद्रावर जाऊन येईपर्यंत सात दिवस माझ्या गळ्यात होती. लिहून झाल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवले, देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, नेतोय तेवढी परत आणू दे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे पत्र.

सात वाजता दादा मुलांना घेऊन आला. मला वाटलं होतं वहिनी येईल. आई गेली त्यानंतर नऊ वर्षांत त्याचे पाय माझ्या दाराला लागले नव्हते. तू त्याला कसं पटवलंस ते तुझं तुला माहीत. त्याने पंडितला सातव्या सीटवर बसवलं, चिमणीला आठव्या, आणि माझ्याकडे न बघता, टायरकडे बघत म्हणाला की हिला गाडीत झोप लागते. बस, एवढंच. पण आक्का, ते एक वाक्य मी घडी घालून खिशात ठेवल्यासारखं जपलं.

प्रवासाचं काय सांगू. पहिल्या दहा मैलांत तिघांना लघवी लागली, दोघांना उलटी झाली आणि तुझ्या लेकाने, भोंग्याने, एकच गाणं एकोणीस वेळा म्हटलं. विसाव्या वेळी तुझ्या धाकट्या भावजयीने त्याच्या तोंडात केळं घातलं. प्रत्येक थांब्यानंतर मी हजेरी घ्यायचो, आपल्या गावच्या शाळेत गुरुजी घ्यायचे तशी. एकाने एक म्हणायचं, दुसऱ्याने दोन. चिमणी बहुतेक वेळा मागच्या बाजूला शालीत गुरफटून झोपलेली. तिची झोपमोड होऊ नये म्हणून पंडित तिचाही आकडा म्हणायचा. सात, आठ, एका दमात. नऊ वर्षांचं पोर, पण बहिणीवर किती माया, म्हणून मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

आता मुद्द्यावर येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. चाक झालं, पोरं चढली, हजेरी झाली. पंडित म्हणाला सात, आठ. मी गाडी काढली. अर्ध्या तासाने रेल्वे फाटक लागलं, ते बंद होतं म्हणून हिने उकडलेली अंडी वाटायला घेतली आणि चिमणीला दोनदा हाक मारली. मग शाल उचलली. शालीखाली दोन उशा आणि पाण्याची बाटली होती.

फाटकापाशी रस्ता अरुंद, मागे ट्रकांची रांग. गाडी कशी वळवली ते मला आठवत नाही. आरशात पंडितचा चेहरा दिसत होता. तो रडत नव्हता. नुसता बसला होता, ओठ हलत होते, तो तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत असावा.

पंक्चरवाल्याच्या शेजारी शिवणाचं लहानसं दुकान आहे. तिथल्या बाईंनी आपलं मशीन उचलून पार रस्त्याच्या कडेला, उन्हात आणून मांडलं होतं, म्हणजे परत येणाऱ्याला लांबूनच दिसावं. चिमणी त्यांच्या पायाशी बसून बटणं रंगांप्रमाणे लावत होती. मशीन बघायला उतरली आणि राहिली. रडली का विचारलं, तर बाई म्हणाल्या की सुरुवातीला ओठ काढले होते, मग त्यांनी तिला सांगितलं, गाडी मोठी आहे, मोठी गाडी वळायला वेळ लागतो. ते तिला पटलं. हजेरी कशी चुकली ते सांगून मी हात जोडले तर त्या संकोचल्या. एवढंच म्हणाल्या की बटणं आम्ही कानाने मोजत नाही, बोट ठेवून मोजतो. त्यानंतर दर थांब्याला मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. अकरा डोकी, आक्का. काही घामेजलेली, काही वाळूने भरलेली. समुद्रावरचे तीन दिवस मी हेच करत होतो आणि मला दुसरं काही नको होतं.

पोरांनी आपसांत ठरवून टाकलं की हे घरी कोणी बोलायचं नाही, नाहीतर काकांना ओरडा बसेल. मी ऐकलं आणि गप्प बसलो. तेच मला खातंय. दादाला सांगू का? तू सांगशील तसं करीन.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


२७ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी खुर्चीत बसले, मग भोंग्याला पुढ्यात उभं केलं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याने आठवडाभर माझ्यापासून ही गोष्ट लपवली, याचंच मला जास्त नवल वाटलं. विचारलं तर म्हणतो, शपथ घेतली होती. मामांसाठी. मग मला त्याला रागावताही येईना.

पोर मिळाली ना? हसतखेळत मिळाली ना? त्या बाईंचं भलं होवो. मग आता तू कशाला उकरून काढतोस? दादाचा परवा फोन आला होता. मुलं काळी पडलीत म्हणाला, आणि हसला. तुझं नाव घेऊन हसला रे. नऊ वर्षं मी त्या हसण्याची वाट बघत होते. सांगायचा तुझा स्वभाव नाही, आणि नको तेव्हा मात्र तुला सांगायची हुक्की येते. आईच्या वेळी गप्प बसलास तसा आताही बस.

हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण राहू दे. दादा कामावरून फोन करायचा, आईशी बोलू दे म्हणायचा, आणि तू सांगायचास, आई बरी आहे, झोपली आहे, उठवत नाही. आईनेच तसं सांगायला लावलं होतं, पुलाचं काम अर्धं टाकून तो येईल म्हणून. तेव्हा मीही त्याच खोलीत, तिच्या उशाशी होते. दादा सगळं संपल्यावर आला आणि तुझ्याशी बोलायचा थांबला. माझ्याशी बोलतो. तू माझं नाव त्याच्यापुढे कधी घेतलं नाहीस, हे मी विसरलेली नाही.

पण तरी माझं ऐक. गप्प बस.

माझा गुडघा बरा आहे. धाकटीला सांग, पोरांचे कपडे धुऊन धाडलेस, पण तीन मोजे आमचे नाहीत.

आशीर्वाद आहेतच,
आक्का


२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मुलं आल्यापासून तुला लिहीन म्हणतोय. सवय मोडली आहे, तेव्हा पत्र तोकडं वाटलं तर समजून घे. मुलांना नेलंस, सांभाळलंस, आनंदाने परत आणलंस, याबद्दल आम्ही दोघं तुझे आणि धाकटीचे आभारी आहोत. पुढच्या उन्हाळ्यातही नेणार असलास तर आमची दोन धर.

चिमणीचं नवीन वेड म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचं. काल दूधवाल्याचंही डोकं मोजलं. शिवाय सारखी एका बटणवाल्या मावशीच्या गोष्टी सांगते. ही कोण? तुझ्या सासरची कोणी आहे का?

पंडितचं मात्र कळत नाही. तिच्या फ्रॉकचं टोक धरून हिंडतो. ती बाथरूममध्ये गेली तर बाहेर उभा राहतो. विचारलं तर चष्मा पुसतो आणि काही नाही म्हणतो. प्रवासात काही झालं होतं का? असेल तर कळव. नसेल तर सोडून दे.

कळावे.

दादा


१० जून

ती. आक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आधी तेवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे वाचशील.

दादाच्या पत्राला उत्तर लिहायला चारदा बसलो. बटणवाली मावशी कोण, एवढ्या एका प्रश्नाला दोनच उत्तरं होती. त्यातलं एक मला सवयीने सहज लिहिता आलं असतं. पण पंडितचं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. त्या पोराने केलं काय? झोपलेल्या माणसाच्या वतीने हजेरी दिली, झोपमोड नको म्हणून. मी त्याची पाठ थोपटली कारण आईच्या वेळी मी स्वतः तेच केलं होतं. मी माझं ओझं नऊ वर्षं ओढलं. त्याने का ओढायचं?

रविवारी सकाळी गाडी काढली. खडूचे आकडे अजून पुसलेले नाहीत. रस्ताभर आरशात रिकाम्या सीटा दिसत होत्या, सात आणि आठसुद्धा.

दादा स्वयंपाकघरात सिंकखाली शिरून नळाचा वायसर बदलत होता, पंडित बॅटरी धरून उभा. वहिनी चहा टाकते म्हणाली, मी नको म्हटलं, कारण चहा घेतला असता तर सांगायचं राहिलं असतं. तिथेच ओट्याला टेकून दादाच्या पाठीला सगळं सांगितलं. चाक, हजेरी, शाल, फाटक. पंडित बाहेर जायला लागला तेव्हा त्याला थांब म्हटलं. त्याच्यासमोरच सांगितलं की मोजणं हे गाडी चालवणाऱ्याचं काम आहे. आकडा कोणीही म्हणो, वळून बघायचं होतं मी. बघितलं नाही. चूक माझी, आणि घरी येऊन गप्प बसलो ती त्याहून मोठी.

दादा बाहेर आला. हाताला काळं लागलेलं. किती तरी वेळ पुसत राहिला. मला वाटलं आता पुन्हा नऊ वर्षं. आणि खरं सांगतो, त्याची तयारी करूनच गेलो होतो.

त्याने एकच विचारलं. तुम्ही परत पोचलात तेव्हा ती काय करत होती? मी म्हटलं, बटणं लावत होती, लाल एकीकडे, निळी एकीकडे. आणि बाईंनी काय सांगितलं होतं तेही सांगितलं, मोठ्या गाडीचं. दादाने मान हलवली. मग पंडितच्या डोक्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. पोराच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला. इतकं रडला की चिमणी बाहेरून धावत आली आणि तिने आमची सगळ्यांची डोकी मोजली. पाच भरली. माझ्यासाठी तिला खाली बसा म्हणावं लागलं.

मुलं बाहेर गेल्यावर दादा ओट्याशी तसाच उभा राहिला. नळ अजून सुटाच पडलेला. मग मला म्हणाला, हे शब्द त्याचेच आहेत, जसेच्या तसे लिहितो: "तेव्हा आईसुद्धा झोपलेली नव्हती ना? मग काय करत होती, ते सांग."

नऊ वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. देवाचे आभार मानले, मनातल्या मनात, की विचारणारा अजून आहे आणि सांगणाराही आहे.

मग तिथेच स्टुलावर बसलो आणि सांगितलं, आक्का. पहिल्या तापापासून. फोन वाजला की ती डोळे उघडायची ते. त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून रिसीव्हर आपल्या कानाजवळ धरायला लावायची आणि स्वतः मात्र ब्र काढायची नाही ते. शेवटच्या सकाळी त्याच्या पुलाला किती कमानी झाल्या असं विचारलं होतं ते. उशाशी कोण बसलं होतं तेही. तुझं नाव घेतलं. काहीही गाळलं नाही.

रागावलीस तरी जीव लावायचा सोडू नकोस.

तुझा,
धाकटा