अर्जातला ‘मी’

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. शनिवारची सकाळची शाळा, सारवलेली जमीन, तुम्ही डोळे मिटून कविता म्हणताय आणि ओळ संपायच्या आधीच आम्ही पोरं डोलायला लागलोय. हे आज सुचतंय ते माझ्या मुलीमुळे. ती लोहाऱ्याच्या एका कारखान्यात पाणी तपासायच्या खोलीत काम करते. नाल्यात सोडायचं पाणी बाटलीत भरायचं, तपासायचं, अहवाल लिहायचा. गेल्या उन्हाळ्यापासून तिथं अहवाल आधी लिहितात आणि बाटली मग भरतात; कधी भरतही नाहीत. नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे, गुरं तेच पाणी पितात. तिनं हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही पगार नाल्याचा घेता का कंपनीचा?” आता ती सरकारात तक्रार करणार आहे. आणि मी, तिचा बाप, आठ दिवस झाले मनातल्या मनात तुमच्याशी भांडतो आहे.

चौथीतला तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. डिप्टीसाहेब तपासणीला आले होते. कापूस वेचायचे दिवस, अर्धा वर्ग वावरात. हजेरी कमी दिसली तर शाळेचे दुसरे मास्तर जातील, म्हणून तुम्ही पाचवीतली तीन थोराड पोरं आमच्यात आणून बसवली. साहेबांनी सहज विचारलं, “सगळे याच वर्गातले ना?” आणि मी उभा राहतो, कविता म्हणावी तशा खड्या आवाजात सांगतो, “नाही साहेब! हे तिघं पाचवीतले. एकाले तर मिशी फुटली!” साहेब पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. ते गेल्यावर एवढंच म्हणालात, “चुगलखोराच्या तोंडी कविता शोभत नाही.” छडी परवडली असती. होळीपर्यंत तुम्ही मला एकदाही कविता म्हणायला उठवलं नाही. दुसरे मास्तर पुढच्या वर्षी खरंच गेले, तेव्हा वाटलं, मीच घालवले. सातवी पास झालो तेव्हा तुम्ही तुमच्या अक्षरातली कवितांची वही मला दिलीत, पण त्या दिवसाबद्दल शब्द नाही. मीही विचारलं नाही. पुढं आयुष्यभर सरकारी कचेरीत बाबूगिरी केली. डोळ्यांदेखत नाही नाही ते झालं, पण कुणाचं नाव कधी ओठांवर येऊ दिलं नाही. लोक म्हणत, बाबू मोठा भला माणूस. मलाही ते खरं वाटायचं.

मुलीनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं ते असं: “बाबा, मी जागल्या व्हायचं ठरवलं.” मी भडकलो. तुम्हाला माहीत आहे, माझे वडील गावचे जागल्या होते. गावाची राखण आमच्या घरावर लादलेली. धम्माची दीक्षा घेतली आणि बाबांनी ते काम टाकलं. शिळ्या भाकरीसाठी पुन्हा कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. मी ओरडलो, “तुझ्या आज्यानं ते काम टाकलं, अन् तू शिकूनसवरून गावाची राखण करतं?” बायको आतून बाहेर आली, “कायले कल्ला करता? पोरीले बोलू त द्या!” पोरगी तिकडं हसून हसून बेजार. म्हणाली, “अहो बाबा, पेपरवाले म्हणतात तसा जागल्या. आत राहून आतली चोरी सांगते तो.” मी ओशाळलो. पण तो शब्द मनातून जाईना. माझे बाबा चोर दिसला की आरोळी ठोकत, तर त्यांना कधी कुणी चुगलखोर म्हटलं नाही. मग मला कसं म्हटलंत, गुरुजी?

रविवारी ती घरी आली. मोबाइलवर वाचून सांगू लागली. अमेरिकेत म्हणे सरकारची लूट उघड केली तर वसुलीतला वाटा सांगणाऱ्याला मिळू शकतो. युरोपातल्या देशांत अशा माणसाला नोकरीवरून काढलं, तर कारण वेगळंच होतं हे मालकानं सिद्ध करायचं. “अन् आपल्याकडे?” मी विचारलं. “आपल्याकडे कायदा झाला बाबा, लागू व्हायचा राह्यला. अन् तोही सरकारी कामातल्या भानगडींसाठी. खाजगी कारखान्यातल्या बाईनं काय करावं, ते त्यात नाही.” बायको म्हणाली, “मंग त्या युरोपातच अर्ज टाक ना माय!” आम्ही हसलो. मग मी सावकाश म्हटलं, “नाव नको टाकू.” ती म्हणाली, “बिननावाचा कोण वाचते? म्या माह्या डोळ्यानं पायलं ना. काहून भेता एवढे?” आणि अर्जाचा कागद माझ्यापुढे सरकवला. “तुमचं मराठी चांगलं, बाबा. एवढं सुधरून द्या.”

मी सुधारला. दोन वेलांट्या, एक अनुस्वार. मग हात थांबेना. तिनं लिहिलं होतं, ‘मी रिकामी बाटली पाहिली.’ मी केलं, ‘बाटली रिकामी असल्याचे दिसून येते.’ तिनं लिहिलं होतं, ‘मला खोटे आकडे लिहायला सांगितले.’ मी केलं, ‘आकडे वस्तुस्थितीस धरून नसल्याचे समजते.’ कर्ता गेला, तुम्ही शिकवलेल्या सगळ्या प्रयोगांची चाळण लावून मी तिला त्या कागदातून गाळून टाकलं. खाली तिची सही तेवढी राहिली. तिनं वाचलं. “बाबा, याच्यात मी कुठं आहे?” मी म्हणालो, “सरकारी भाषा अशीच असते, बाई.” तिनं विश्वास ठेवला. रात्रपाळीवरून आलेल्या माणसासारखे तिचे डोळे दमलेले होते. कागदाची घडी घालून तिनं पाकीट बंद केलं. ते माझ्या टेबलावर आहे, उद्या सकाळी ती रजिस्टर करणार आहे. हे तुमचं पत्र मात्र कुठंच जायचं नाही, म्हणून यात खरं लिहितो.

कचेरीत असे अर्ज यायचे. ‘दिसून येते’, ‘समजते’. कोणी पाहिलं याचा पत्ता नाही. ते मीच बाजूला काढायचो आणि वर शेरा मारायचो: वाचून दप्तरी दाखल. एकदा दाखल झालेला कागद पुन्हा कुणी उघडत नाही. हे मला माहीत होतं, गुरुजी. अर्ज सुधारताना माहीत होतं.