हॉटेलात समान वाटा

३ मार्च, सोमवार.
आज ऐतिहासिक निर्णय. धाराशिवचे एक प्राध्यापक आपल्या हॉटेलात पिठलं-भाकरी खाताना म्हणाले, कष्टाचं खरं फळ समाजवादातच मिळतं. मी बी.ए. इकॉनॉमिक्स, लगेच पटलं. उद्यापासून येरमाळ्याच्या या हॉटेलात मालक कुणी नाही. नफ्याचे चार समान वाटे: मी, बायको राजेश्वरी, भाकरी करणारी इरम्मा, वाढपी बसवेश. सगळे रडतील असं वाटलं होतं. इरम्मानं एवढंच विचारलं, "मग भाकऱ्या कोण थापणार?" भावनेच्या भरात म्हणालो, आळीपाळीनं सगळेच.

४ मार्च.
पहिली पाळी माझी. अकरा भाकऱ्या. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा पापड आहे का? इरम्मा माझ्या गल्ल्यावर. येईल त्याला "बसा की पाव्हणं, भजी लई भारी झालीत" म्हणत होती. भजी दुपारीच संपली. योगायोग.

५ मार्च. सकाळ.
कंबर धरली. समाजवाद तत्त्वतः बरोबर, पण चूल फार खाली आहे. आजपासून भांडवलशाही. जितकं काम, तितका मोबदला. फळ्यावर बसवेश नोंद करेल. आता कळेल एकेकाला.

७ मार्च.
फळा वाचला. इरम्मा: भाकऱ्या चारशे बारा. बसवेश: ताटं दोनशे सहा. राजेश्वरी: पिठलं, भाज्या, बाजार, हिशोब. माझ्यापुढं रेघ. मी म्हणालो, लक्ष ठेवतो ते लिही. बसवेश म्हणाला, "मालक, ते किलोत लिहू का मीटरात?"
मी शांतपणे समजावलं: भांडवलशाहीत भांडवलाला मोठा वाटा असतो. राजेश्वरी म्हणाली, बरोबर आहे. जागा माझ्या वडिलांनी दिलेली, भांडीही माहेरची. तुमचं काय?
खुर्ची माझी आहे. तिच्यावर जाऊन बसलो.

८ मार्च.
निषेध म्हणून राजीनामा. एस.टी.नं धाराशिवला, बहिणीकडं. माझ्यावाचून हॉटेल दोन दिवसही चालणार नाही. संध्याकाळपर्यंत फोन येईल.

९ मार्च.
फोन नाही. रेंज तपासली. फुल आहे.

१० मार्च.
आला! राजेश्वरी म्हणाली, उद्या मंगळवार, देवीला गर्दी असते, एक माणूस कमी पडतोय. मी थोडे आढेवेढे घेतले. ती म्हणाली, मग दुसरा बघते. लगेच म्हणालो, उद्या सकाळच्या एस.टी.नं येतो.

११ मार्च.
मला वाटलं गल्ला. कांदे. दोन पोती. बसवेशनं विचारलं, याआधी कुठं काम केलंय? दुपारपर्यंत डोळ्यांतून धारा. संध्याकाळी राजेश्वरीनं मजुरी हातावर ठेवली. अर्ध्या दिवसाची, कारण साडेअकराला आलो. वर इरम्मानं गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. आयुष्यात इतकी भूक कधी लागली नव्हती. तीन भाकऱ्या.
मला वाटतं, पर्मनंट होईन.
बसवेशला तसं वाटत नाही.