आकडा माझ्या फोनवर येणार

३ मार्च
निघाला एकदाचा नियम! शहरातल्या सगळ्या जुन्या दुचाकींना नव्या सरकारी नंबर प्लेटा. एकच छाप, एकच अक्षर, न निघणारे खिळे. महिनाअखेरपर्यंत मुदत. नाही लावली तर गाडी उचलून नेणार म्हणे.

आमची गाडी माझ्या नावावर. पण गाडी कुठाय? धाकट्या भावाकडे. आणि धाकटा कुठाय? देव जाणे! दीड वर्ष झालं घर सोडून. ना फोन, ना निरोप. नंबरसुद्धा बदलून टाकला.

बाबांना बातमी वाचून दाखवली. "असू दे," म्हणाले. आयुष्यभर हाताने नंबर प्लेटा रंगवल्या या माणसाने, आणि बोलायला एवढंच! आईने टीव्हीचा आवाज वाढवला. या घरात त्याचा विषय निघाला की असंच होतं.

५ मार्च
लॅबमधली मैत्रीण आज प्लेट बसवून आली. म्हणाली, तिथे गाडीचा नंबर टाकला की मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो सांगितल्याशिवाय प्लेटला हात लावत नाहीत.

मालक म्हणजे मी!

रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, तिथेच स्टुलावर बसले. धाकट्याला मला फोन करावाच लागणार. पार्सलं पोचवून पोट भरतो तो, गाडी गेली तर खाणार काय? रागात का होईना, फोन करेल. आवाज तरी ऐकायला मिळेल. बाकी मला काही नको.

९ मार्च
झोप नाही. लिहूनच टाकते.

गाडी घेताना माझी नोकरी पक्की म्हणून कागद माझ्या नावाने झाले. हप्ते त्यानेच भरले, एकही चुकवला नाही. नंबर मिळाला ४१४१. स्वारी हवेतच! समोरच्या दुकानातून वाकडंतिकडं रंगवून आणलं. इंग्रजी चारला जरा पोट, एकचा केला काना, की झालं 'दादा'. घरातलं शेंडेफळ आणि रस्त्यावर दादा! मला तर हसूच आवरेना.

बाबा मात्र लालबुंद. "आकडा आकड्यासारखा दिसला पाहिजे. माझ्या पोराच्या गाडीवर हे?" तो म्हणाला, "तुम्ही रंगवून देत नव्हता म्हणून दुसरीकडे गेलो." शब्दाने शब्द वाढला. शेवटी भांडण मिटावं म्हणून मीच मध्ये पडले. "गाडी माझ्या नावावर आहे. प्लेट बदल, नाहीतर किल्ली दे इकडे."

त्याने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडी काढून गेला. बाबांच्या एका हट्टापायी!

१४ मार्च
ओटीपी आला! — मोबाइल कंपनीचा. मेले.

१८ मार्च
राहवेना. सुटल्यावर प्लेटा बसवतात तिथे गेले. पत्र्याची शेड, ही रांग! प्लेट बसवणाऱ्याला म्हटलं, "४१४१, 'दादा' लिहिलेली गाडी आली तर जरा थांबवून ठेवाल का? भाऊ आहे माझा." तो खिळे ठोकता ठोकता हसला. "ताई, इथे रोज चार दादा येतात. कुणाकुणाला थांबवू?" बाजूला काढून टाकलेल्या प्लेटांचा ढीग होता. वेड्यासारखी त्या ढिगात शोधत बसले. हात काळे झाले. नव्हती.

तरी त्या माणसाने माझा नंबर लिहून घेतला. चांगला वाटला.

२२ मार्च
आज माझा तोल गेला. बाबा शांतपणे चहा पीत होते. म्हटलं, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तुमच्यामुळे गेला तो! एका प्लेटसाठी पोरगा घालवलात!"

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बरं." बस्स. एवढंच! आई स्वयंपाकघरातून धावत आली, "त्यांना काही बोलू नकोस गं." का नको? दर वेळी मीच का गप्प बसू? दार आपटून बाहेर पडले.

आता वाईट वाटतंय. म्हातारे झालेत बाबा. पण चूक ती चूकच.

२७ मार्च
फोन उशाशी. फोन खिशात. फोन न्हाणीघरात. साहेब म्हणाले, "कुणाचा येणार आहे एवढा?" सांगितलं नाही.

३० मार्च
उद्या शेवटचा दिवस. नाही करणार तो फोन. गाडी जाऊ देईल, पण मला फोन करणार नाही. एवढं काय गं माझं चुकलं?

३१ मार्च
लॅबमध्ये ओटीपी आला. आमच्या गाडीचा! समोरच्या बाईंना म्हटलं, जरा थांबा हं, आणि सुई बाजूला ठेवली. लगेच फोन वाजला. बाबा!

"तो आकडा सांग." मागे ठोकाठोक चाललेली.

"तुम्ही? धाकटा सापडला?"

"हरवला कुठे होता? गेल्यापासून भेटतोय आम्ही. आईसुद्धा." मग आवाज एकदम खाली. "तो माझ्यावर रागावलेला नाही गं. किल्ली दे म्हणालीस ना, ते लागलं त्याला. तुला कसं सांगायचं तेच कळेना."

मी फोन कानापासून काढून ओटीपी उघडला.

"सांगतेस ना?"

सांगितला. एकेक आकडा. बाबा मोठ्याने म्हणायचे आणि त्यांच्या मागून धाकटा तोच परत म्हणायचा. मी मुद्दाम सावकाश सांगितला.